दुसरा जैनुद्दीन

अंबरीनने एल्फ्रिकची नोंद मधोमध तोडली आणि एकाचे दोन एल्फ्रिक केले.

शेजारच्या खुर्चीतल्या श्यामलाताई चष्मा सावरत पुढे वाकल्या. "हे काय केलंस?"

"दोन वेगळी माणसं आहेत, मॅडम."

हजार वर्षांपूर्वी मेलेल्या इंग्रजांची खानेसुमारी, हे श्यामलाताईंचं काम. जुन्या दानपत्रांत ज्याचं नाव आलं त्या प्रत्येकाची कॉम्प्युटरवर नोंद करायची. मग तो राजा असो की गुराखी. पुण्यातलं कॉलेज सोडून नवऱ्याच्या नोकरीपायी आखातात अल खौदला आल्यावर एका इंग्रज प्राध्यापकांनी हे काम त्यांच्याकडे दिलं, आणि टायपिंगसाठी त्यांनी अंबरीनला धरलं. नियम एकच, पण कडक: नुसतं नाव सारखं म्हणून माणसं जोडायची नाहीत. पहिल्याच महिन्यात अंबरीनने तीन वुल्फस्टान एकत्र बांधले, तेव्हा ताई अशा भडकल्या होत्या की बस्स.

आज सगळं उलटंच होतं.

"अगं, गाव तेच, भाऊ तोच, जमीन तीच. आणखी काय पुरावा हवा तुला?"

"बायको वेगळी आहे. इथे एक, तिथे दुसरीच."

"मग दुसरी केली असेल! बायको बदलली म्हणून माणूस बदलतो होय?" ताई हसल्या. "जोड बघू परत."

अंबरीनचा हात माऊसवर तसाच राहिला आणि ती एकदम रडायला लागली. ताईंना काही कळेना. त्या धावत जाऊन पाणी घेऊन आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"राहू दे बाई तो एल्फ्रिक. मी बघते त्याच्याकडे. तू घरी जा."

अंबरीनचे अब्बा जैनुद्दीन अठ्ठ्याण्णव साली गाला भागातलं गॅरेज सोडून जास्त पगारासाठी सोहारला गेले. सहा महिने फोन आले, मग तेही बंद झाले. कुणी म्हणालं बहारीनला गेला, कुणी म्हणालं सौदीला. पाच वर्षं झाली. तिची अम्मा खुदेजा एका लेडीज टेलरच्या दुकानात शिवण करून घर चालवायची, आणि दर ईदेला नवऱ्याच्या जुन्या मापाने एक कुर्ता शिवून ट्रंकेत ठेवायची. गेल्या आठवड्यात त्यांच्या गावचा मजीद सांगून गेला, की सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एक जैनुद्दीन दिसला, रत्नागिरीकडचाच; पुढचं तो खुदेजाशी दारात हळू आवाजात बोलला. खुदेजाने लेकीला बघायला धाडलं. स्वतः मात्र गेली नाही.

काल, शुक्रवारी, अंबरीन त्या वर्कशॉपसमोर रस्त्यापलीकडे अर्धा तास उभी होती. आतून एक माणूस अब्बांसारखाच उजवा पाय जरा ओढत बाहेर आला. मागून एक लहान मुलगी "अब्बा, अब्बा" करत धावली. "यल्ला बेटा, चल चल," म्हणत त्याने तिला कडेवर घेतलं. अंबरीनलाही तो असंच उचलायचा. ती हाक न मारताच परतली आणि डोकं दुखतंय सांगून पडून राहिली. अम्माने विचारलंही नाही.

आज ती दारातून आत आली तेव्हा खुदेजा मशीनवर होती. सुईखाली यंदाचा कुर्ता होता, फिकट निळा.

"कोन होता गो तो?" तिने मान वर न करता विचारलं.

अंबरीनने चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या.

"दुसराच हाय अम्मा. नाव तेवढं सारखं. आपला नाय."

"नाय ना?"

"नाय."

मशीन थांबलं. खुदेजाने दोरा तोडला, कुर्ता मांडीवर पसरला आणि हाताने सारखा केला.

"पोर केवढी हाय त्याची?"

अंबरीनने पोरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिने हात जमिनीपासून वर नेला आणि मशीनच्या टेबलाशी थांबवला.

"एवढी."

खुदेजाने अंतर नजरेने मोजलं. मग तिने कात्री उचलली आणि कुर्त्याची खांद्याची शिवण उसवायला घेतली.

"फ्राक होईल यात," ती म्हणाली. "ईदेच्या आधी नेऊन दे."