छत्रीला हार

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचा रेडिओ संदेश आमच्या झेंडूच्या वावरातून टिपायचा, हे खूळ माझंच. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, तरी माझे सासरे, आबा, मला शिकलेली वेडी म्हणायचे. सिन्नरच्या भंगारातून मी डिश अँटेनाची अडीच मीटरची छत्री उचलून आणली, तेव्हा त्यांनी बांधाकडचा कोपरा दिला, पण मुदत घालून. दसऱ्यापर्यंत यान सापडलं तर छत्री राहील, नाहीतर तिथे टोमॅटो लागतील.

दसरा उजाडला. छत्री सूर्याकडे वळवली, तर लॅपटॉपवरचा आलेख टुणकन वर गेला. म्हणजे सूर्याच्या रेडिओ लहरी पकडल्या, यंत्र ठणठणीत. मग मी आणि सासूबाई फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात गेलो.

बाराला परतले आणि पडवीत बसूनच मोटारीने छत्री मंगळाकडे फिरवली. तासभर पडद्यावर नुसता कचरा. पुन्हा सूर्याकडे वळवली, तर आलेख ढिम्म. वायरी तपासून झाल्या, देवाचं नाव घेऊन झालं. अडीचला मंगळ मावळणार होता. मी रडकुंडीला आले.

शेवटी स्टूल घेऊन छत्रीपाशी गेले. रेडिओ लहरी जिथे गोळा होतात, त्या नळकांड्याच्या तोंडाला झेंडूचा जाडजूड हार चार वेढे देऊन बांधला होता. वर पाणीही शिंपडलेलं. इतक्या क्षीण लहरींपुढे ती भिंतच.

माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंवरच खेकसले. त्या शांतपणे म्हणाल्या, की त्या सकाळपासून माझ्याबरोबरच होत्या. घरी होते फक्त आबा. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, साऱ्यांची पूजा त्यांनीच केली होती.

राग गिळून मी आबांना अडचण सांगितली. त्यांनी हार सोडला आणि छत्रीच्या खालच्या खांबाला बांधला. मी पडवीकडे पळाले आणि छत्री पुन्हा मंगळाकडे वळवली. दहा मिनिटांनी पडद्यावर केसाएवढी बारीक रेघ उमटली आणि हळूहळू तिरकी सरकू लागली. जमिनीवरच्या लहरीची रेघ अशी सरकत नाही; यानच होतं ते. कोट्यवधी किलोमीटर तुडवून आमच्या बांधावर आलेलं. मला हुंदकाच फुटला. मागोमाग आलेले आबा चष्मा सावरत त्या रेघेकडे वाकले.

मी विचारलं, "आबा, आज काही सापडलं नसतं, तर छत्री काढली असती ना?"

"काढायच्या अवजाराला दसऱ्याला कुणी हार घालतं का?" ते म्हणाले. "टोमॅटोची रोपं परवाच विहिरीकडं लावलीत."