आज तुझ्याकडं जेवते

आबाराव उंबरावरून पडला तेव्हा बद्रीनाथाने आधी शेजारच्या वावरातल्या दोघांना साक्षीला बोलावले आणि मगच भावाला हात लावला. यात बद्रीनाथाची काही चूक नव्हती. टेंभुर्णीच्या शिवारात आबारावाची ख्यातीच तशी होती. उंचीला कमी, जिभेला लांब आणि नांगरटीच्या दिवसांत आंधळा. दरसाल नांगरट झाली की दोघा भावांमधला बांध बद्रीनाथाच्या अंगाला वीतभर सरकलेला असे. उंबर पूर्वी बद्रीनाथाच्या वावरात होता. कोरता कोरता बांध त्याच्या पलीकडे गेला आणि उंबर आबारावाकडे आला. कुणी विचारले तर आबाराव म्हणायचा, "झाड जागचं हललं का? मंग बांध बी तिथंच है."

त्या दिवशी तो शेरडांसाठी त्याच उंबराचा पाला तोडत होता. फांदी मोडली, मांडीचे हाड मोडले, आणि खाली बद्रीनाथ साक्षीदारांना म्हणत होता, "बघा, मी लांबच उभा होतो. हे बराबर ध्यानात ठेवा." मग मात्र त्यानेच भावाला गाडीत घालून जालन्याला पाठवले.

आबारावाच्या बायकोला, आसराबाईला, त्या बांधाने जमीन मिळवून दिली होती आणि माणूस नेले होते. बद्रीनाथाची बायको गिरिजा ही तिची सख्खी धाकटी बहीण. आसराबाईनेच खटपट करून तिला या घरात आणली होती, दोघी एका अंगणात नांदू म्हणून. बांधाचे भांडण पेटले तसे अंगण तुटले, बोलणे तुटले, एकमेकींच्या घरचे पाणीसुद्धा बंद झाले. दळणाच्या गिरणीत समोरासमोर आल्या तर गिरिजा गिरणीवाल्याला सांगे, "आमच्या थोरल्या जाऊबाईंचं आधी दळा." दहा-अकरा वर्षांत 'अक्का' ही हाक आसराबाईच्या कानावर पडली नव्हती. तिला वावर नको होते. तिला ती हाक हवी होती.

दवाखान्यात आबारावाच्या शेजारच्या खाटेवर जुन्या जालन्याचे अण्णासाहेब होते, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. रोज दुपारी ते उशाचे पुस्तक काढून पुटपुटत वाचत.

"मास्तर, जरा जोरात वाचा," आबाराव म्हणाला. "माझा बी टाइम जात न्हाई."

अण्णासाहेबांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिले आणि वाचण्याऐवजी सांगायलाच लागले. "एक बुटका माणूस होता."

आबारावाने मान वळवली.

"वसुलीच्या कामात होता. लोकांचं ओरबाडून मोठा झालेला. एकदा त्याच्या गावात येशू येणार होता. ही गर्दी. याला काही दिसेना. मग पुढं पळत गेला आणि चढला उंबरावर."

"उंबरावरच?"

"उंबरावरच."

"आसरे, तू सांगितलंस का यांना माझं?"

"मी कशाला सांगू," मोसंबी सोलत आसराबाई म्हणाली. "अख्ख्या वार्डाला तुम्हीच सांगून राह्यलात."

अण्णासाहेब हसले. "येशू झाडाखाली थांबला. वर पाहिलं आणि नावानं हाक मारली. म्हणाला, जल्दी खाली ये, आज मला तुझ्या घरी यायचंय."

"शिव्या न्हाई दिल्या?"

"नाही."

"त्याला ठावं होतं का, हा कसला माणूस है ते?"

"सगळं ठावं होतं. तरी गेला. लोक नावं ठेवत राहिले, आणि हा त्याच्या घरी जाऊन बसला. मग तो बुटका आपण होऊन म्हणाला, ज्याचं जे लुबाडलं असेल ते चौपट परत करतो."

आबाराव म्हणाला, "माझ्या झाडाखाली तर सगळे साक्षीदार होते."

दुसऱ्या दिवशी त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी गोष्ट 'नावानं हाक मारली' इथपर्यंत आली आणि आबाराव रडायला लागला. मोठ्याने नाही, उशी भिजली तेव्हा आसराबाईच्या ध्यानात आले.

"मला बी हाक मारली, आसरे," तो म्हणाला.

"कोणी?"

"त्यानंच. सगळं ठावं असून."

आसराबाईने बाहेर जाऊन नर्सला विचारले, दुखण्याच्या औषधाने माणसाला असे काही ऐकू येते का. नर्सने कागद पाहिला आणि म्हणाली, "मावशी, ते औषध तर परवाच बंद केलंय."

घरी आलेला आबाराव वेगळाच होता. चालीत किंचित लंगड आली होती, पण फरक तेवढाच नव्हता. शेरडे कोबीच्या वाफ्यात शिरली तरी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होईना. आबाराव म्हणे, "या, बाहेर या बायांनो," आणि शेरडे कोबी सोडून त्याच्या तोंडाकडे बघत. सकाळी तो अंगणात बसून डोळे मिटून काहीबाही बोले, जसे कुणी समोरच्या बाजेवर बसले आहे. रविवारी एसटीने जालन्याला जाऊन अण्णासाहेबांच्या घरच्या प्रार्थनेला बसे. आसराबाई एकदा सोबत गेली. माणसे चांगली होती, गाणी गोड होती. पण परत येताना एसटीत तिला गिरिजाच आठवत राहिली. आधी मध्ये बांध होता. आता देवही मध्ये आला, तर गिरिजा कायमची गेली.

"घरातले देव मी काढणार न्हाई," ती म्हणाली.

"मी कुठं काढ म्हणलो," आबाराव म्हणाला. "मला तो भेटला, एवढंच सांगून राह्यलो."

हरभरा निघाला, वावरे मोकळी झाली, तेव्हा आबारावाने बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले. पाण्यात उतरून, जुना आबाराव तिथेच सोडून वर यायचे. पण त्याआधी बद्रीनाथाचे बद्रीनाथाला द्यायचे होते.

"चौपट देतो," तो म्हणाला. "हिसाब बराबर."

"चौपट?" आसराबाईने हातातले सूप खाली ठेवले. "चौपट दिलं तर उंबरच काय, आपली हीर बी त्याच्या वावरात जाईल. तो गोष्टीतला माणूस पैसेवाला होता. तुम्ही कोण लागून गेलात?"

शेवटी होते तेवढे परत द्यायचे, असे ठरले. आबारावाने गावातल्या वसंताचा ट्रॅक्टर बोलावला, खुणेचा दगड उपटला आणि पहिल्या जागी, उंबराच्या अलीकडे, नेऊन रोवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो दगड पुन्हा उंबराच्या पलीकडे. बद्रीनाथाने परत आणून टाकला होता.

"आबादादा फुकट काही देत न्हाई," बद्रीनाथ गावात सांगत होता. "यात कोर्टाचा डाव है. मी वावर घेतलं की उद्या केस टाकल, बद्रीनं दगड हलवला म्हणून." आणि हे म्हणत तो स्वतःच दगड हलवत होता.

आबारावाने दगड पुन्हा नेला. बद्रीनाथाने पुन्हा आणला. इतकी वर्षे पुढे सरकण्यासाठी भांडलेला बांध आता मागे सरकण्यासाठी भांडू लागला. पारावरच्या लोकांनी चहा वाढवला.

"आबादादा," ट्रॅक्टर बंद करून वसंता म्हणाला, "तुमच्या येशूला म्हणावं, एकदा बद्रीला बी भेटून घे. तवर माझं डिझेल जळून राह्यलंय."

आबाराव बाजेवर येऊन बसला. "माझ्यावर कुणी भरवसाच ठेवत न्हाई, आसरे."

"जे पेरलं ते उगवलं."

"तू तरी ठेवतेस का?"

आसराबाईने परात पुढे ओढली. भाकरीचे पीठ मळायला बसली. मळता मळता तिच्या मनात दवाखान्यातली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून चालू लागली. बुटका, गर्दी, उंबर, हाक. आणि तिचा हात थांबला. यांनी गोष्ट उलटी धरली होती. येशूने झाडाखाली उभे राहून हिसाब मागितला नव्हता. आधी तो त्याच्या घरी गेला. देणेघेणे मागून आपोआप निघाले. इथे नुसता दगड इकडून तिकडे चालला होता. घरी कुणीच कुणाच्या गेले नव्हते.

तिने पिठावर ताट झाकले, हात धुतले आणि डोक्यावर पदर घेऊन निघाली.

गिरिजाचे घर बांधापलीकडे शेतातच होते. उंबरापर्यंत आसराबाई भराभर चालली. तिथे चाल मंदावली. ज्या घरचे पाणी बंद, त्या घरी जेवायला मागायचे म्हणजे आपण होऊन खाली बसायचे. गिरिजाने दार लावून घेतले, तर गावाला चघळायला आणखी महिनाभर पुरेल. ती उंबराच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली.

"येशू," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुला ओळखत न्हाई. यांच्याकडून ऐकलं तेवढंच. तू न बोलावता लोकांच्या घरी जातोस म्हणं. आज मला बी जायचं है. संगं चल."

उत्तर वगैरे काही आले नाही. पण बाजाराच्या गर्दीत सोबतीला कुणी आहे हे माहीत असले की माणूस मागे वळून पाहत नाही, तशी ती निघाली, आणि दारात पोहोचल्यावर तिच्या लक्षात आले की मघापासून आपल्याला भीती वाटलेली नाही.

गिरिजा ओट्यावर तूर पाखडत होती. तिने पाहिले, आणि न पाहिल्यासारखे विचारले, "कोण पाहिजे?"

"भूक लागली. आज तुझ्याकडं जेवते."

सूप थांबले. "का? थोरल्या घरात पीठ संपलं?"

"मळून झाकून आले."

"मंग?"

"मंग काय. तुझ्याकडं जेवायचं है."

"बांधाचं बोलायला आल्ता वाटतं जाऊबाई."

"बांधाचं एक अक्षर बोलले तर पुढचं ताट उचलून घे."

गिरिजाने तिच्या मागे पाहिले. "एकटीच आलीस?"

हो म्हणायला आसराबाईने तोंड उघडले, आणि ते खोटे होईल असे तिला वाटले. "न्हाई," ती म्हणाली.

गिरिजाने पुन्हा मागे पाहिले. उन्हाशिवाय तिथे कुणी नव्हते. "उन्हानं डोकं फिरलं तुझं, अक्का," ती म्हणाली.

दोघींनीही ते ऐकले. गिरिजा झटकन उठून आत गेली आणि तवा, परात, फुंकणी, जे हाताला लागेल ते वाजू लागले. आसराबाई ओट्यावर बसून राहिली. डोळे पुसायला पदराचे टोक पुरेना.

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. पहिल्या घासालाच आसराबाईला ठसका लागला.

"तिखट अजून तुझ्या हातात बसलं न्हाई," ती म्हणाली.

"माझं बराबर है. तुझीच जीभ म्हातारी झाली." गिरिजाने तांब्या पुढे सरकवला. आसराबाई पाणी प्यायली. गिरिजाने ते शेवटच्या घोटापर्यंत पाहिले आणि तांब्या पुन्हा भरून ठेवला.

तेवढ्यात बद्रीनाथ दारात आला आणि थबकला. "वहिनी? ... साक्षीला कुणाला बोलवू का?"

"हात धुवा आन बसा," गिरिजा म्हणाली. "साक्षीला मी है."

बद्रीनाथ बसला नाही. त्याने बाहेर बोट दाखवले. उंबराखाली काठी टेकून आबाराव उभा होता. पीठ झाकलेले, बायको नाही, म्हणून शोधत आला होता. पण उंबराच्या पुढे यायची त्याची छाती होत नव्हती. बद्रीनाथ त्याच्याकडे बघत राहिला. मग आसराबाईच्या ताटाकडे, मग पुन्हा बाहेर.

"दादा," त्याने हाक मारली. "जल्दी ये. भाकर निवून राह्यली."

आसराबाईला हसू फुटले. का ते गिरिजाला कळेना, पण तीही हसायला लागली.

जेवण होईपर्यंत बांधाचे नाव कुणी काढले नाही. हात धुताना बद्रीनाथच म्हणाला, "दगड तू ठेवलास तिथंच राहू दे. उंबर माझा. शेरडाला पाला लागला तर खालून माग. वर चढू नको."

"चौपट द्यायचा विचार होता," आबाराव म्हणाला.

"तेवढं ठेवायला मला तरी कुठं जागा है?"

नदी कोरडी होती, म्हणून बाप्तिस्मा बद्रीनाथाच्या शेततळ्यात ठरला. देऊ करताना त्याने बजावले, "पाणी बाहेर सांडू नका. मिरचीचं है." अण्णासाहेब काठी टेकत आले, आणि पाण्यात उतरून बाप्तिस्मा द्यायला त्यांचा पुतण्या, पास्टर प्रितम. तळ्यात अंथरलेली प्लास्टिकची पन्नी निसरडी, म्हणून काठावर खुंटीला दोर बांधला होता आणि त्याचे दुसरे टोक गिरिजाच्या हातात होते.

आबाराव भिजून, हसत, वर आला. प्रितम पाण्याबाहेर निघणार तोच आसराबाई काठावर आली. "पास्टर, थांबा. मला बी उतरायचं है."

"तू कधी ठरवलंस?" आबाराव पाणी निथळत तसाच उभा राहिला.

"गिरिजेच्या दारात."

प्रितमने तिला प्रश्न विचारले. येशूला ती कशी ओळखते, हे विचारल्यावर ती थोडा विचार करून म्हणाली, "मी संगं चल म्हणलं, आन तो आला." अण्णासाहेबांनी काठावरून मान हलवली.

"अक्काला नीट धरा," गिरिजा वरून म्हणाली. "तिला पोहता येत न्हाई."

आसराबाई पाण्याखाली गेली आणि वर आली. नाकात पाणी गेले, ठसका लागला, आणि ठसक्यातच तिला हसू आले. अंग इतके हलके वाटत होते की निसरड्या पन्नीवरही पाऊल घसरले नाही. तरी गिरिजा दोन्ही हातांनी दोर ओढतच होती.

ओट्यावर पंगत बसली. गिरिजाने ताटे मांडली आणि बहिणीजवळ येऊन वाकून विचारले, "त्या दिवशी म्हणली होतीस, एकटी न्हाई आले. त्याचं बी ताट मांडू का?"

"मांड," आसराबाई म्हणाली. "खाणारा कुणीतरी येतोच."

ताट मांडून होते तोच बांधावरून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि वसंता ओरडला, "काय वहिनी, मला वगळून?"