कंबरेचा कौल

पहिल्या खेपेला कॉलचा आडवा धरलेला हात खाली दाबताना ऑब्री पेलचा तळहात त्याच्या मनगटाच्या हाडावर होता. दुसऱ्या खेपेला मनगटात तांब्याचं कडं आलं, तेव्हा तोच तळहात वीतभर वर, कोपराजवळ टेकला. एवढाच फरक. तो ब्रॉन्टी हॅलमने पाहिला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारची दुपार होती. मलगा क्रीकच्या मेंढ्या कातरायच्या शेडमागे, जेवणाच्या खोलीत माणसं दाटीवाटीने उभी होती. उद्या सकाळी साडेसातला पहिली मेंढी बाहेर ओढली जाणार होती. सहा हजार मेंढ्या, चार जागा, आणि कातरणारे तीनच. तिसरी जागा कॉल ब्रॅडिकची. वीस वर्षं त्याचीच. नऊ महिन्यांपूर्वी एक मेंढा उसळला, कॉलच्या कंबरेत काहीतरी कट्‌कन सरकलं आणि ती जागा रिकामी झाली. कॉललाच पुन्हा तिथे उभं करायचं म्हणून कंत्राटदार नेव्ह शॅरॉकने शहरातून पेलला आणलं होतं.

"शरीर खोटं बोलत नाही," पेल मऊ आवाजात सांगत होता. "मी डॉक्टर नाही, देवाची कृपा. मी फक्त ऐकतो. पेशींना प्रश्न टाकतो, पेशी हातातून उत्तर देतात."

पेशींची ही ग्रामसभा मोठी शिस्तीची होती. कोट्यवधी सभासद, पण ठराव नेहमी एकमताने, आणि नेमका ज्याने पेलला बोलावलं त्याच्या सोयीचा. कड्याविना हात आडवा धरला की पेलने दाबताच तो खाली यायचा. कडं घातलं की तोच हात खुंटीसारखा ताठ राहायचा. कडी पेलच्या पेटीत भरपूर होती.

"कॉलचं शरीर हो म्हणतंय," पेलने जाहीर केलं. "कडं काढू नका आणि उद्या खुशाल उभे राहा."

नेव्हने कॉलच्या पाठीवर थाप मारली. थाप बसताच कॉलचा डावा हात टेबलाच्या कडेला गेला, आधाराला. तेही फक्त दोघींनी पाहिलं, ब्रॉन्टीने आणि कॉलच्या बायकोने, डेस्लीने. डेस्ली याच शेडमध्ये लोकर निवडायची.

जखमी माणूस कोणतं काम किती करू शकतो, हे तपासणं ब्रॉन्टीचं काम. कॉलला तिने दोन दिवस तपासलं होतं. तो किती वजन किती उंचीवर उचलतो, साठ किलोचं धूड किती पावलं ओढतो, वाकून किती मिनिटं उभा राहतो. अकराव्या मिनिटाला त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. आज ती शेडमधली अंतरं मोजायला आली होती आणि एक प्रश्न विचारायला. तालुक्याच्या शाळेत नव्या पोरापोरींना कातरणं शिकवणारा माणूस हवा होता. ते काम घेशील का, यावर कॉल चार महिने एकच उत्तर देत होता: बघू. आता कडं सापडलं होतं, म्हणजे बघायचीही गरज उरली नव्हती.

डेस्लीने तिला स्वयंपाकाच्या ओट्याशी गाठलं. उद्या हा वाकला तर काय होईल, एवढंच तिने विचारलं. ब्रॉन्टीने शब्द मोजून सांगितलं की नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण नस आधीच दबलेली आहे, आणखी दबली तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं.

"मग सांग ना सगळ्यांना."

"मी सांगितलं तर ते माझं मत. त्यांचं त्यांनी बघितलेलं बरं."

हीच ती माणसं, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं. ओली मेंढी कातरली तर माणूस आजारी पडतो, म्हणून पावसानंतर मेंढ्या ओल्या की कोरड्या यावर शेडमध्ये वाद झाला तर प्रत्येक जण दोन मेंढ्या कातरतो आणि चिठ्ठीवर गुपचूप लिहितो: ओली किंवा कोरडी. उघड विचारलं तर सगळे कंत्राटदाराच्या तोंडाकडे बघून बोलतील, हे त्यांच्या आजोबांनाही कळत होतं. मेंढीच्या लोकरीसाठी एवढी अक्कल, आणि माणसाच्या कण्याचा निकाल टाळ्यांवर.

ती पुढे झाली आणि पेलला म्हणाली, हीच तपासणी चिठ्ठीने करू या. डेस्ली आतल्या खोलीत बसेल, प्रत्येक वेळी नाणं उडवेल. छापा आला तर कडं, काटा आला तर कुंपणाच्या तारेचं वेटोळं. वरून जाड पट्टी गुंडाळेल, म्हणजे आत काय ते कुणालाच दिसणार नाही. हात तगला की पडला, ते ज्याचा हात त्याने लिहायचं.

पेल हसला. संशयाची कंपनं असली की तांबं मुकं होतं, असं त्याचं म्हणणं पडलं.

"मघाशी बरं बोलत होतं," म्हातारा वॉली म्हणाला. तो शेडमधला कातरणाऱ्यांचा प्रतिनिधी, आणि मघाच्या टाळ्यांत त्याच्याच टाळ्या मोठ्या होत्या. "ओल्या मेंढीवरही आम्ही चिठ्ठीच टाकतो, साहेब. मेंढी कधी लाजली नाही."

खोलीत हशा पिकला. पेलला पेटी आवरून निघता येईना, कारण दारातच चौघे उभे होते.

सहा जणांनी, सगळ्यांत शेवटी कॉलने, दोन-दोनदा हात धरले. पेल दरवेळी पट्टीकडे टक लावून बघायचा, ओठ चावायचा आणि कधी इथे, कधी तिथे दाबायचा. पेशींशी त्याचं बोलणं एकाएकी तुटलं होतं. वॉलीने टोपीतल्या चिठ्ठ्या डेस्लीच्या यादीशी लावून वाचल्या. कडं सात वेळा होतं, त्यात हात तगला तीनदा. तार पाच वेळा होती, त्यातही तीनदा.

"म्हणजे तारच बरी की," कोणीतरी मागून म्हणालं. "घरी मैलभर पडलीय."

नेव्हला हे झोंबलं. मघाशी आपल्या डोळ्यांनी पाहिलं ते काय होतं मग, त्याने विचारलं.

ब्रॉन्टीने त्यालाच हात आडवा धरायला सांगितला आणि पाण्याची अर्धी बादली त्याच्या मनगटावर अडकवली. हात खाली आला. तीच बादली तिने कोपराजवळ सरकवली. हात तगला.

"बादलीला पेशींशी बोलता येत नाही," ती म्हणाली. "खांद्यापासून वजन जितकं लांब, तितकं ते जड. मनगटात कडं असलं की यांचा हात आपसूक वर सरकतो, म्हणून तुम्हाला संशय येत नाही. शिवाय आधी हे न सांगता दाबतात आणि नंतर 'आता रोखा' म्हणतात. हे विचारा, मोजा, चिठ्ठ्या टाका. तुम्हाला ते येतं. मेंढीसाठी करता, स्वतःसाठीही करा."

पेल ऊर्जा, पूर्वज आणि परदेशातली पदकं असं काहीबाही बोलत पेटी उचलून बाहेर पडला. दारातल्या चौघांनी त्याला वाट दिली; अडवण्याइतकी किंमत आता त्याला नव्हती.

नेव्ह मात्र हटला नाही. कडं गेलं खड्ड्यात, पण कॉलचा हात तर सगळ्यांनी पाहिला, चांगला दणकट आहे, असं तो म्हणू लागला.

"नुसत्या हाताने कातरतात होय रे?" डेस्ली आतून बाहेर येत म्हणाली. "कंबरेला कोणी विचारलं?"

सगळे ब्रॉन्टीकडे वळले. अहवाल तिच्या पिशवीत होता. तो कॉलचा होता, चव्हाट्यावर वाचायचा नव्हता.

मग कॉल स्वतःच उठला. तपासणीत तिने त्याला जे करायला लावलं होतं, तेच त्याने सगळ्यांदेखत केलं. बूट काढले आणि टाचांवर चालायला लागला. उजवा पंजा वर राहिला. डावा प्रत्येक पावलाला फट्‌ आवाज करत फरशीवर आपटत होता. खोलीच्या टोकापर्यंत तो आवाज सगळ्यांनी ऐकला. वॉलीने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

कॉल परत येऊन बाकावर बसला. मनगटावरची पट्टी उलगडली. आत तार होती.

"उद्या साडेसात, कॉल," नेव्ह हळूच म्हणाला. "निदान सकाळचं पहिलं सत्र तरी कर. मग बघू."

कॉलने डेस्लीकडे पाहिलं, मग नेव्हकडे.

"तिसऱ्या जागेवर दुसरा माणूस बघ, नेव्ह. मी कातरणं सोडलं."