उलटी चालत गेलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मला क्लच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

कारखान्यात माझ्या बहुतेक बहिणींना पायाखाली पेडलच्या तीन पट्ट्या बसवल्या. मला दोनच मिळाल्या, एक वेगाची आणि एक थांबण्याची. गिअर माझे मीच बदलते. मल्लेश्वरमच्या सुनंदाबाईंनी मला घेतले ते त्यासाठीच. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय अधू झाला होता. पन्नाशीत त्या गाडी शिकायला निघाल्या तेव्हा भावजय म्हणाली, "आता हे काय नवीन?"

"नवीन नाही, राहिलेलं आहे," सुनंदाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून कुठे जायचे तर त्यांना कुणाला विचारावे लागले नाही. बाजार, वाचनालय, के. आर. पुरमची मैत्रीण. तुंबलेल्या रस्त्यांवर मी गिअर बदलत राहिले. बसणारे म्हणत, "किती अलगद चालते." मी सुखावत असे. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला मला आंघोळ, झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना केळीची पाने. मग चाकांपुढे लिंबे ठेवायची आणि ती चिरडत पुढे जायचे, अशी इथली रीत.

यंदाही सगळे साग्रसंगीत झाले. सर्जापूर रोडला राहणारा त्यांचा मुलगा शंतनु आला होता. सुनंदाबाईंनी गिअरचा दांडा पुढे जायच्या 'डी'वर आणला आणि पाय दाबला. इंजिन गुरगुरले, चाक मात्र हलले नाही. मी सगळा जोर लावला, पण आत काहीतरी नुसतेच फिरत होते, पकडत नव्हते.

"अपशकुन," कुणीतरी पुटपुटले.

शंतनु खिडकीशी आला. "आई, गिअरबॉक्स गेला. उतर, आम्ही ढकलतो."

"माझ्या गाडीला धक्का नको," असे म्हणून त्यांनी दांडा मागे जायच्या 'आर'वर नेला. मी थरथरले आणि बोटभर मागे सरकले. त्या थांबल्या. शेजारच्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "यल्लाप्पा, लिंबं उचल आणि मागच्या बाजूला ठेव."

लिंबे फुटली. यल्लाप्पा हसत म्हणाला, "अक्का, उलटं वर्ष सुरू झालं की."

"होऊ दे. फुटली ना?"

दुपारभर शंतनु फोनवर होता. कंपनीचे लोक म्हणाले, अख्खा गिअरबॉक्स नवा घालावा लागेल, या वयाच्या गाडीला परवडणार नाही. मग त्याने भंगारवाल्याशी बोलणे केले. सकाळी ते मला उचलून नेणार होते.

"आई, कॅब आहेत. मी ॲप टाकून देतो. शिवाय तुझा पाय बघ ना आता."

"पाय डावा आहे. ही चालवायला उजवा लागतो."

"लॉजिकली बोल ना. ती पुढे जातच नाही."

"मागे जाते की."

मी रात्रभर तेच धरून बसले. मागे जाते की.

सकाळी भंगारवाला यायच्या आत सुनंदाबाई किल्ली घेऊन आल्या. दोन गल्ल्या पलीकडे महांतेशचे गॅरेज आहे. आम्ही तिकडे उलट्याच निघालो. मान पूर्ण वळवून त्या मागच्या काचेतून बघत होत्या. यल्लाप्पा माझ्या मागच्या बाजूने हात पसरून चालत होता. "निधान, सावकाश, अक्का. स्वल्प डावीकडे. सरी, सरी, बरोबर." एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून थकला. चढ आला तेव्हा माझ्या पोटातून जळका वास येऊ लागला. मी थांबले नाही.

शंतनु चपला फटफटवत धावत आला. "आई, लोक बघतायत."

"बघू देत. तू कोपऱ्यावरची बस थांबव."

तो घुटमळला, मग गेला आणि बससमोर उभा राहिला. तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला. "नाही, नका येऊ," तो म्हणाला. "गाडी बाहेर गेलीय."

महांतेशने माझ्या गिअरबॉक्समधले तेल काढले. ते कॉफीच्या डिकॉक्शनसारखे काळे होते. "हे कधी बदललेलं?"

"ऑटोमॅटिकला बदलावं लागत नाही ना?" शंतनु म्हणाला.

सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "हार दरवर्षी नवा घातला. तेलाचं कधी विचारलंच नाही."

"उघडून बघतो," महांतेश म्हणाला. "खात्री नाही देत."

"मी मागितलीही नाही. उघडा."

मी बरेच दिवस सुटी होऊन पडले होते. जळलेल्या चकत्या निघाल्या, नव्या आल्या, ताजे लाल तेल आले. न्यायला दोघे आले तेव्हा शंतनु सवयीने उजव्या, चालकाच्या दाराकडे वळला. सुनंदाबाई त्या दाराशीच उभ्या राहिल्या. तो वळसा घालून डावीकडे बसला. त्यांनी दांडा 'डी'वर आणला आणि मी पुढे गेले.

मित्रांनो, तुमच्या गाडीला खुशाल सजवा, पण तिच्या पोटात काय चालले आहे तेही विचारत जा. आणि कुणाला 'आता पुरे झाले' म्हणण्याआधी त्याला कुठे जायचे आहे ते ऐकून घ्या. आम्ही दोघी रोज रस्त्यावर असतो, जरा सावकाश. मागून कितीही हॉर्न वाजवलात तरी आमची लेन आम्ही सोडणार नाही.