मिशीवाली गाडी

मित्रांनो, माझं वय अवघं सहा वर्षं आहे, तरी तुम्ही मला जुनाच म्हणा. मी विजेवर चालणारा एक छोटा ट्रक आहे आणि गेलं वर्षभर एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. माझी चाकं शाबूत आहेत, बॅटरीत जीव आहे, तरी मला कोणी नेत नाही. त्याचं कारण तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी अगदी लंकेची पार्वती होतो. अंगाला रंग नाही, नुसतं राखाडी प्लास्टिक. रेडिओ नाही. खिडकीच्या काचा हाताने फिरवून खाली घ्यायच्या. पुढे दोन माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा, संपला माझा थाट. माझ्याच रांगेत माझे महागडे भाऊ उभे होते. त्यांच्या पाठीला कॅमेरा होता आणि मागे कोणी आलं की ते टीं-टीं करून ओरडत. मला तसलं काही ओरडता येत नव्हतं. विजेवरचा असल्यामुळे धावतानाही मी गुपचूपच धावतो.

मला घ्यायला आला तो काचा बसवणारा एक कारागीर. बुटका, हसरा, बोटांवर जुन्या कापल्याच्या खुणा. विक्रेता त्याला म्हणाला, "कॅमेरावाली घ्या की. मागचं सगळं पडद्यावर दिसतं."

"मागे बघायला मला मान आहे, डोळे आहेत," तो म्हणाला. "साधीच द्या. बाकीचं मी करून घेतो."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पहिलं वर्ष माझं नुसत्या लाडात गेलं. मालकाचे पाय पुरत नव्हते, म्हणून त्याने सीटखाली फळी घातली आणि ब्रेकवर लाकडाचा ठोकळा बसवला. शेजारच्या शेडमधला वेल्डर त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांनी मिळून माझ्या हौद्यात उतरत्या छपरासारखी दुहेरी चौकट उभी केली. तिच्या दोन्ही अंगांना काचा टेकून उभ्या राहायच्या. चौकटीला जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवले, म्हणजे काचेला ओरखडा नको. काच कापायची हिरकणी ठेवायला एक खण, टेप अडकवायला आकडा, कानामागची पेन्सिल सारखी हरवते म्हणून पेन्सिलीला एक भोक. मालकीणबाई शिवणकाम करायच्या. त्यांनी सीटच्या गादीला जाड कापडाची खोळ शिवली. परगावी नोकरी करणारी लेक सुट्टीला आली आणि तिने दोन दिवस खपून मला निळा रंग दिला. नाकावर रंगाचा ठिपका घेऊन ती आईला म्हणाली, "बघ, आता कसा रुबाबदार दिसतोय." मी रुबाबदार दिसतच होतो, खोटं कशाला बोलू.

माझ्या मालकाला पाहिजे तसा मी होत गेलो. दुसऱ्या कोणाच्या हातात मी बसलोही नसतो. याचा मला कोण अभिमान होता.

तिसऱ्या वर्षी मात्र निराळीच कामं निघाली. आरशांच्या खाली आणखी दोन मोठे गोल आरसे आले. चार्जिंगच्या भोकाभोवती त्याने डिंकाचे जाड ठिपके लावले, बोटाने चाचपून सापडावं म्हणून. शेडच्या छतातून दोरीला एक रबरी चेंडू टांगला. मी आत शिरलो की चेंडू माझ्या पुढच्या काचेवर टकटक करायचा आणि तो ब्रेक दाबायचा. मग त्याने वेल्डरला सांगितलं, मागच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली लवचीक तारा लाव.

"गाडीला मिशा कशाला रे?" वेल्डरने विचारलं.

"शोभून दिसतील. तू लाव तर."

दोघे पोट धरून हसले आणि मला मिशा आल्या. त्यांचा उपयोग असा. शेडमधून मागे येताना मला अरुंद गल्ली आडवी पार करावी लागे. पलीकडच्या फुटपाथच्या दगडाला मिशी लागली की खरखर वाजायची. एकच वाजली तर मी तिरका आहे, दोन्ही वाजल्या तर सरळ. दोन्ही वाजेपर्यंत तो मागे घ्यायचा, मग वळवायचा. गल्लीतली पोरं मला "मिशीवाली गाडी" म्हणायला लागली. मोठी माणसंही थांबून बघत, मालकाची पाठ थोपटत. मी फुगून गेलो होतो. मला वाटायचं, माझी हौस पुरवली जात आहे.

लेक त्याच्या वाढदिवसाला म्हणाली, "बाबा, मागे कॅमेरा बसवून देते तुम्हाला."

"पडदा नको गं. त्या उजेडाने डोळे चुरचुरतात," तो म्हणाला. "द्यायचंच तर एखादी घंटा दे."

तिने घंटा बसवली. मी मागे सरकलो की ती घणघण वाजायची. कॅमेरा नको आणि घंटा हवी असं माणूस का म्हणतो, हे कोणीच विचारलं नाही. मीही विचार केला नाही. आवाज मिळाल्याच्या आनंदात होतो ना मी.

मग एके दुपारी तो डॉक्टरांकडून आला, माझ्यात बसला आणि बराच वेळ निघालाच नाही. हातात एक कागद होता. तो त्याने घडी करून सीटच्या खोळीत, गादीखाली सरकवला. त्या दिवशी घरी जाताना तो पुढच्या गाडीच्या मागोमाग चालला होता, ती थांबली की थांबत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या डोळ्यांच्या मधोमध धूर साचत चालला होता. तिसऱ्या वर्षापासून माझ्या अंगावर चढलेला एकही दागिना माझ्यासाठी नव्हता. ते सगळे त्याच्या डोळ्यांचे बदली कामगार होते.

त्याने कोणाला सांगितलं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर एकच काम शिकलेला. काचेच्या कामात नजर गेली की सगळंच गेलं. एकदा एका स्वयंपाकघराच्या खिडकीची काच दोन बोटं आखूड कापली गेली. "तुमची चौकटच वाकडी आहे," असं तो त्या घरच्या माणसांवर खेकसला. माझ्या हौद्यापाशी आल्यावर मात्र तीच काच त्याने वितीने दोनदा मोजली.

त्यानंतर मालकीणबाई रोज त्याच्याबरोबर येऊ लागल्या. "घरात बसून कंटाळा येतो," एवढंच म्हणाल्या. मापं त्या लिहून घ्यायच्या, जाड पेनाने, बोटभर उंचीच्या आकड्यांत. वाटेत सहज बोलल्यासारखं बोलायच्या.

"काय बाई हा सिग्नल, किती वेळ लाल असतो."

"असतो खरा."

"हां, झाला हिरवा एकदाचा. अहो, डावीकडे सायकलवाला बघा कसा घुसतोय."

"बघतोय मी," असं म्हणून तो मला थोडं उजवीकडे घ्यायचा. दोघांपैकी कोणीही त्या विषयाचं नाव काढलं नाही. पण सीटची खोळ बाई दर आठवड्याला धुवायच्या. धुतलेली खोळ चढवताना तो कागद जसाच्या तसा परत आत जायचा. एकदा तर त्यांनी त्याला प्लास्टिकची छोटी पिशवी घातली, घामाने विरू नये म्हणून. त्यानंतर मालक बसला की पिशवी चुरचुर वाजायची. म्हणजे बाईंना माहीत आहे हे त्यालाही कळलंच असेल.

मित्रांनो, माझ्या पोटात मोठा आवाज असता तर मी भर रस्त्यात बोंब ठोकली असती. पण माझ्याकडे एक घंटाच होती.

त्या दिवशी बाईंना ताप होता. "आज राहू दे ना काम," त्या म्हणाल्या. "एकच काच आहे, गेलो आणि आलो," तो म्हणाला. त्याने काच चढवली, पट्टे आवळले आणि मला मागे घ्यायला सुरुवात केली. मापाचा कागद टेबलावर राहिला होता. बाई तो हातात घेऊन शेडला लागूनच असलेल्या घराच्या बाजूच्या दाराने धावत गल्लीत आल्या, थेट माझ्या मागे, आणि "थांबा, अहो थांबा," म्हणून ओरडल्या. माझी घंटा घणघणत होती. तिच्या आवाजात बाईंचा आवाज बुडाला. तापातल्या माणसाला पटकन बाजूलाही होता आलं नाही.

माझी डावी मिशी खरखरली. ती दगडाला नाही, बाईंच्या पायाला लागली होती. उजवी वाजली नाही. मी तिरका आहे असं समजून मालक थांबला नाही. दुसरी मिशी वाजायची वाट बघत त्याने मला आणखी हातभर मागे घेतलं.

बाईंच्या कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा उभ्या राहू शकल्या नाहीत. लेक धावत आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "अगं, पायरीवरून पाय घसरला. तुझे बाबा तेव्हा शेडमध्ये होते." लेकीने विश्वास ठेवला. मालकाने तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही तिला चहा टाका आधी." आजही त्या हेच सांगतात. त्याला माफी मागायचीही सोय त्यांनी ठेवलेली नाही.

किल्ली खिळ्याला लागली ती लागलीच. काही महिन्यांनी लेक मला विकायला आली. गिऱ्हाइकाने ठोकळा, फळी, चौकट, आरसे सगळं बघितलं आणि म्हणाला, "हे काढलं तर नुसती भोकं उरतील. आणि आहे तसं घेतलं तर माझ्या काय कामाचं?" तो निघून गेला. लेकीने निदान सीट मोकळी करावी म्हणून खोळ काढली आणि पिशवी खाली पडली. तिने कागद वाचला. मग तिने चेंडूकडे बघितलं, डिंकाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, खाली उतरून मिशांपाशी वाकली. डावी मिशी वाकलेली होती.

"बाबा, कधीपासून?"

"झाली तीन वर्षं."

"आणि आई पायरीवरून पडली?"

दारात वेल्डर उभा होता. "मीच लावल्या गं त्या," तो म्हणाला. "मला वाटलं, हौस आहे." आणि हातातल्या पान्याकडे बघत राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाड्या आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला पुसत जा, पाणी घालत जा, उन्हात ठेवू नका. मला यातलं काही नको. तुमच्या घरातलं एखादं माणूस नेहमीच्या वस्तूला ठिपके लावू लागलं, दोऱ्या बांधू लागलं, घंटा मागू लागलं, तर नुसतं कौतुक करून पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि कशासाठी ते विचारा. ते चिडेल, हसण्यावारी नेईल, तरी पुन्हा विचारा. माझं कौतुक सगळ्या गल्लीने केलं, मित्राने केलं, लेकीने केलं. पुन्हा विचारलं एकानेही नाही.

आता मालकाला कडेकडेचं थोडंसं दिसतं, बाकी सगळा धूर. रोज सकाळी तो माझ्या अंगाला हात लावत लावत मागे येतो. खिडकीपाशी खाटेवर पडलेल्या बाई आतून सांगतात, "अहो, जपून. पुढे बादली आहे." तो "हो" म्हणतो आणि बादली चुकवतो. मग खाली बसून डावी मिशी दोन्ही हातांनी सरळ करतो. ती कधीच सरळ झालेली आहे, तरी करतो.

काल तार धरून तो हळूच मला म्हणाला, "तू तरी म्हण ना, माझ्यामुळे झालं म्हणून."

मी काय म्हणणार, मित्रांनो. त्याने साधीच गाडी घेतली होती.