अल्बिनाच्या आंबट कोबीची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी, मीठ प्यायलेली बरणी आहे. तुमच्या घरी लोणच्याची बरणी असते ना, तिची मी थोरली बहीण समजा. माझी उंची तुमच्या कमरेइतकी, रंग राखाडी आणि पोटावर निळ्या रंगात काढलेले एक पान. सध्या मी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या एका तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी उभी आहे. माझ्या आत काही नाही.

माझा जन्म इथल्याच, ओहायोच्या मातीतून झाला. कुंभाराने मला चाकावर उभे केले, सावलीत वाळवले आणि भट्टीत ठेवले. भट्टी पांढरीशुभ्र तापली तेव्हा त्याने वरच्या भोकातून आत मीठ टाकले. मिठाची तिथेच वाफ झाली, ती वाफ मातीतल्या वाळूशी एकजीव झाली आणि माझ्या अंगावर काचेचा पातळ थर चढला. त्या थरामुळे आंबट पाणी माझे काही बिघडवू शकत नाही. म्हणजे मला कातडी दिली ती मिठाने. पुढे माझे जे भले झाले ते मिठाने, आणि जे वाईट झाले तेही मिठानेच.

मला विकत घेतले पावला होचेवार नावाच्या बाईने. ती आणि तिचा नवरा स्लोव्हेनियाहून आलेले. सेंट क्लेअर रस्त्यावर त्यांनी एक छोटा बार काढला होता. कारखान्यातून सुटलेली माणसे तिथे येत, बिअर पीत आणि भाजलेल्या सॉसेजबरोबर आंबट कोबी खात. तो कोबी माझ्यात तयार होई. पावला कोबी बारीक चिरायची, मीठ चोळायची, शहाजिरे घालायची आणि मुठीने दाबून दाबून मला भरायची. वर लाकडी फळी, आणि फळीवर लेक ईरी या मोठ्या तळ्याच्या काठावरून आणलेला एक गोल गोटा.

त्यानंतरचे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. कोबीतली साखर खाऊन ते आम्ल तयार करतात आणि तसे करताना बुडबुडे सोडतात. ते बुडबुडे माझ्या आतल्या अंगाला लागतात. मीठ बेताचे असेल तर ते संथपणे येत राहतात, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. मीठ कमी पडले तर कोबी कुजतो. फार जास्त झाले तर जिवाणूच गप्प बसतात. पावलाने मीठ कधी मोजले नाही. ती रोज सकाळी फळी उचलून वाकायची आणि वास घ्यायची. आज थांबायचे, आज थंड जागी हलवायचे, आज वाढायला काढायचे, हे सगळे तिला नाकाने कळे. तिच्यानंतर तिची मुलगी अल्बिना तसेच वाकू लागली. तिचा उबदार श्वास माझ्या काठाला लागला की मला बरे वाटे.

अल्बिनाला वस्तीतले सगळे तेता म्हणत. स्लोव्हेनियन लोकांत मावशीला तेता म्हणतात. तिने मला बारच्या मागच्या, थंड भिंतीला टेकवून ठेवले होते. माझ्याशेजारीच कोपऱ्यातले गोल टेबल होते, आणि त्या टेबलावर दर शनिवारी दुपारी तीन खवय्ये जमत.

पहिली डेलोरिस टिब्स. तिने जन्मभर शहराची बस चालवली होती, त्यामुळे कोणत्या थांब्यावर उतरले की काय चांगले खायला मिळते हे तिला पाठ होते. दुसरा मार्टी साबो, नळ दुरुस्त करणारा. लोकांच्या सिंकखाली आडवा पडून तो त्यांच्या पाककृती काढून घेई. तिसरी नादीन हद्दाद, औषधांच्या दुकानात काम करणारी, कमी बोलणारी. तिच्या घरचे लोक लेबनॉनचे, म्हणून मसाल्यांत तिचा शब्द शेवटचा.

त्यांच्या गप्पा ऐकून मला न पाहिलेले सगळे शहर कळले. पोर्तो रिकोची कोणती बाई नाताळात आपल्या ओसरीवर केळीच्या पानात बांधून उकडलेले पास्तेलेस विकते. तळ्यातला ताजा पर्च मासा शुक्रवारी कोणत्या बारमध्ये तळतात आणि कोणत्या बारमध्ये गोठवलेला मासा ताजा म्हणून खपवतात. खरी हंगेरियन लाल मिरचीपूड, कुणाला सांगून खरे वाटणार नाही, पण एका खिळे-स्क्रूच्या दुकानात मिळते. कुठल्या बारमध्ये बिअरच्या नळ्या धुतच नाहीत. टेबलाचा नियम एकच होता: जे असेल ते खरे सांगायचे. खोटी शिफारस करणाऱ्याने सगळ्यांना बिअर पाजायची. नव्या जागेची उत्साहात जास्त तारीफ केल्यामुळे मार्टीला बऱ्याचदा पाजावी लागे, पण दिसलेली चूक तो लपवत नसे. तो स्वयंपाकघरात शिरून आचाऱ्याला तोंडावर सांगत असे की तुझ्या सूपमध्ये पीठ कच्चे राहिले आहे. दोन ठिकाणी त्याला पुन्हा यायचे नाही असे बजावले होते, आणि याचा त्याला अभिमान होता.

आणि शहरभराची उणीदुणी काढून झाली की ते तेताचा कोबी मागवत. त्याच्याबद्दल कुणी काही बोलत नसे, फक्त ताट रिकामे होई. मित्रांनो, माझी तीच मोठी स्तुती होती.

मग एका हिवाळ्यात अल्बिनाला ताप आला. ती बरी झाली, बार पुन्हा उघडला. सकाळी तिने फळी उचलली, वाकली आणि वास घेतला. पुन्हा घेतला. मग ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. शेवटी तिने फळी ठेवली आणि ती कांदे चिरायला गेली.

पुढच्या कोबीत तिने मीठ जास्त घातले. त्याच्या पुढच्यात आणखी. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. मला माझ्या आत इतकी शांतता कधी जाणवली नव्हती. खूप मीठ झाले की एक वेगळेच यीस्ट माजते आणि वरचा कोबी फिकट गुलाबी दिसू लागतो. माझ्यापाशी उजेड मंद होता. अल्बिनाला तो रंग दिसला नाही. टेबलावरच्या तिघांना खिडकीच्या उजेडात, ताटात दिसला.

त्या शनिवारी पहिल्यांदा ताटात कोबी उरला. मार्टीने त्यावर कागदी रुमाल पसरला. अल्बिना आत सॉसेज भाजत होती. नादीनने हलक्या आवाजात सांगितले की मघाशी चुलीवर कांदा जळून कोळसा झाला होता, धूर दाराबाहेर येत होता, आणि तेता त्याच्याशेजारी उभी राहून ग्लास पुसत होती. तिच्या नाकाला वासच येत नसावा. तापानंतर काही जणांचे असे होते. खारट आणि आंबट तेवढे जिभेला कळते, बाकी सगळे काम नाकाचे. काहीच लागत नाही म्हणून ती मीठ वाढवत सुटली आहे.

"डेलोरिस, तू सांग तिला," मार्टी म्हणाला. "तू तिच्या वयाची आहेस."

"आणि तू रे? निम्म्या शहराच्या आचाऱ्यांना तोंडावर बोललायस. आता जीभ कुठं गहाण ठेवलीस?"

"ते परके होते," मार्टी म्हणाला.

नादीन म्हणाली की औषधांच्या दुकानातल्या बाईने असे सांगितले तर तेताला वाटेल आपल्याला आजारी ठरवतेय. डेलोरिसचे म्हणणे होते की या बाईचा नवरा गेला, मुलगी दूर कोलंबस शहरात राहते, तिच्याकडे आता हा कोबीच तेवढा उरला आहे; तोही काढून घ्यायचा म्हणजे काय. शेवटी तोड डेलोरिसनेच काढली. डब्यात भरलेला कोबी घरी न्यायला मिळे, तो दर आठवड्याला सगळा आपणच घ्यायचा. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी पोचणार नाही आणि तिचे नाव शाबूत राहील. तोवर कदाचित नाक सुधारेल.

मित्रांनो, मी हे सगळे ऐकत होते. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. तिघेही तिच्यावर जीव टाकत होते. म्हणून तर पुढचे सांगताना मला जड जाते.

डबे संपू लागले. शनिवार संध्याकाळपर्यंत एकही उरत नसे. त्या दिवसांत अल्बिनाची मुलगी फोनवर सारखी मागे लागली होती की बार विकून टाक, इकडे ये, आता पुरे. अल्बिना जवळजवळ तयार झाली होती. पण डबे संपताना पाहून तिचे मन फिरले. मुलीला तिने सांगितले की वस्तीला अजून माझा कोबी हवा आहे, आणखी एक हिवाळा तरी मी थांबते. तिने माळ्यावरून दुसरी, धूळ खात पडलेली बरणी खाली काढली, घासली आणि तीही भरली. मला दाबून भरताना ती गुणगुणत होती. मिठाचे खडे माझ्या बुडाशी न विरघळता पडून राहिले होते.

पण बारमधल्या ताटात तोच कोबी वाढला जाई, आणि बाकीची गिऱ्हाइके कमी होत होती. जवळच्या बस डेपोतली नेहमीची माणसे येईनाशी झाली. पण डबे जात होते, म्हणून अल्बिनाला वाटे थंडीमुळे लोक बाहेर पडत नसतील.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती दारातला बर्फ वितळवायला टाकायचे मीठ आणायला कोपऱ्यापर्यंत गेली. बस थांब्यापाशी कचऱ्याचा मोठा डबा होता. रात्री कचरा उपसत हिंडणाऱ्या रॅकून नावाच्या प्राण्याने त्यातली एक पिशवी ओढून फाडली होती आणि पांढऱ्या बर्फावर प्लॅस्टिकचे डबे विखुरले होते. प्रत्येकाच्या झाकणावर निळी चिकटपट्टी आणि त्यावर अल्बिनाचे अक्षर. एक डबा उघडून सांडला होता. रॅकूनने त्यातले काही खाल्ले नव्हते.

दुपारी तिघे नेहमीसारखे येऊन बसले. मार्टी एका नव्या बेकरीबद्दल सांगत होता. अल्बिनाने ते डबे आणून टेबलावर एकावर एक रचले. मग खुर्ची ओढून तीही बसली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याबरोबर त्या टेबलाशी कधी बसली नव्हती.

"खारट होता?" तिने विचारले.

मार्टी सगळ्यात वरच्या डब्याची निळी चिकटपट्टी नखाने खरवडू लागला.

"नुसता खारट, की घाणही येत होती?"

"थोडी येत होती, तेता," नादीन म्हणाली.

अल्बिनाने मान हलवली. मला वास येत नाही हे मला माहीत होते, ती म्हणाली. पण हाताला सवय आहे, हात चुकणार नाही असे वाटले. आणि तुम्ही नेत होतात, म्हणून मला वाटले की जमतेय.

"आम्हाला तुला दुखवायचं नव्हतं, अल्बिना," डेलोरिस म्हणाली.

"या टेबलावर बसून तुम्ही शहरातल्या एकेका चुलीबद्दल खरं बोललात," अल्बिना म्हणाली. "जे तुमचे कुणी लागत नाहीत त्यांच्याबद्दलसुद्धा. मी आत उभी राहून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, माझं काही चुकलं तर हे तिघं सांगतील. म्हणून मी कधी विचारलं नाही."

मार्टी काहीतरी म्हणू पाहत होता. तिने हात वर करून त्याला थांबवले.

"डेलोरिस, तू सांगितलं असतंस ना, तर मी तुला इथं बोलावलं असतं. रोज सकाळी फळी उचलून दिली असती. तू वास घे, मी मीठ घालते, म्हटलं असतं. एवढंच तर होतं. मला फक्त एक नाक हवं होतं. इथं तीन बसली होती."

तिने डबे उचलले आणि आत नेले. त्या दिवशी कुणाची बिअर संपली नाही.

त्यानंतर तेताने कोबी घातला नाही. मार्टी दोनदा आला, नळ गळतोय का विचारून गेला. डेलोरिसने सांगून पाहिले की मी आता रोज येते, पुन्हा सुरू करू. अल्बिना तिच्याशी नीट बोलली, तिला कॉफी दिली, पण म्हणाली की आता तू छान म्हणालीस तरी मला ते खरं वाटणार नाही. वसंत लागता लागता बार विकला गेला. नव्या मालकाला मोठ्या बरण्या नको होत्या. दुसरी बरणी कुणीतरी झाडे लावायला नेली. अल्बिनाने मला आतून बाहेरून गरम पाण्याने धुतले, पुसले, आणि डेलोरिसला म्हणाली, घेऊन जा, हवी असेल तर. मग ती कोलंबसला गेली.

म्हणून मी या तळघरात आहे. तिघे खवय्ये आता दुसरीकडे भेटतात असे डेलोरिसच्या फोनवरच्या बोलण्यातून कळते, पण दर शनिवारी नाही. कुणी नवखा माणूस विचारतो की या भागात चांगला आंबट कोबी कुठे मिळतो, तर ती म्हणते, आता कुठंच नाही, आणि विषय बदलते.

डेलोरिस कधीकधी कपडे धुवायला खाली येते. यंत्र सुरू करते, माझ्यावरचे फडके बाजूला करते आणि वाकते. कितीही धुतले तरी माझ्यात वास राहिला आहे: शहाजिऱ्याचा, ओल्या लाकडी फळीचा, आणि पावलाच्या काळापासून मुरलेल्या कोबीचा. चांगला वास आहे तो. डेलोरिसला येतो. तिचा श्वास माझ्या काठाला लागतो, तो अल्बिनासारखाच उबदार असतो. मग ती फडके नीट करून वर निघून जाते. कोबीच्या हंगामात, या शरद ऋतूतही तिने मला भरले नाही.

मित्रांनो, मला पुन्हा भरा असे मी म्हणत नाही. माती टिकते, मी वाट पाहू शकते. पण माणसांच्या हाताला वय असते. तुमच्या घरात कुणी आमटीत दोनदा मीठ घालत असेल, कुणाची भाकरी रोज करपत असेल, तर ताटातले लपवू नका आणि छान झालंय म्हणून उठू नका. आत जा, त्यांच्या शेजारी उभे राहा आणि म्हणा, मी चव बघतो, तू मीठ घाल. अल्बिना रोज माझ्यावर वाकत होती, आणि मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.