सुभद्रेचे शंभर शेअर

रविवार होता. सुभद्रा मागच्या पडवीत तुरीची डाळ निवडत बसली होती. नवरा गेल्यावर ती हिंगणा रस्त्यावरच्या औषध कंपनीत बाटल्या भरायला लागली, त्याला अकरा वर्षं झाली होती. यंदा कंपनीनं आपले शेअर बाजारात आणले आणि जुन्या कामगारांना पगाराखेरीज शंभर-शंभर शेअर दिले. पगार दर महिन्याला सासऱ्यांच्या हाती जाई. शेअरच्या कागदावर मात्र तिचं एकटीचं नाव होतं. लेकीच्या, यमूच्या, शिक्षणासाठी तिनं तो जपून ठेवला होता.

दीर चंपतराव एक फॉर्म घेऊन आला. मागे सासरे नानाजी होते.

"वहिनी, इथं सही करा. गोपिकाचे होणारे सासरचे, पारशिवनीवाले, तुमचे शेअर मागून राहिले. नाही देले तं गोपिकाचं लग्न मोडते."

"यमूसाठी ठेवले होते, भाऊजी."

"यमूले आम्ही उपाशी ठेवलं का?" नानाजी म्हणाले. "नसन पटत तं दुसरं घर पाह्य. पोरगी इथंच राहीन."

नणंदेची, गोपिकेची, सुपारी फुटली त्या दिवशी सुभद्रेला याच पडवीत बसवून ठेवलं होतं. विधवेचा हात शुभकार्यात चालत नव्हता. सही चालत होती. उमरेडला माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. तिनं सही केली.

चौथ्या दिवशी कंपनीच्या रामदासपेठेतल्या कचेरीतून बोलावणं आलं. आनंदराव नावाच्या वयस्क कारकुनानं फॉर्म पुढं ठेवला.

"बाई, शेअर घेणारा तुमचा कोण लागते?"

"नणंदेचा होणारा नवरा."

"इथं शेअरची किंमत म्हणून हजार रुपये लिवले आहे. भेटले तुम्हाले?"

"एक पैसा नाही."

आनंदरावांनी पेन खाली ठेवला. "मंग हा हुंडा झाला, बाई. मी हे थांबवू शकतो. पण नाही तुम्हाले म्हणा लागन."

सुभद्रेनं फॉर्मवरची आपली सही पाहिली. नाही म्हटलं की घर सुटणार. हो म्हटलं, तर उद्या यमूच्या लग्नात असाच एखादा फॉर्म कुणापुढं तरी येणार.

"नाही," ती म्हणाली.

घरी जाऊन तिनं ते लपवलं नाही. चंपतरावानं तिची पेटी अंगणात आणून टाकली. नानाजी दारात आडवे बसले. "पोरगी बाहेर येनार नाही."

गोपिका रडत रडत त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. "काहून असं केलं वं वहिनी? मी सुखात राहिली असती ना?"

"माह्या बाबांनी मागतलं तेवढं सारं देलं होतं वं. मी या घरात कशी राहिली, ते तू रोज पाह्यलं."

गोपिका तिच्याकडं पाहत राहिली. मग आत गेली आणि यमूचा हात धरून दारापर्यंत आली. नानाजी उठले नाहीत. तिनं बापाला ओलांडून यमूला आईजवळ नेलं आणि पेटीची एक कडी धरली. दुसरी सुभद्रेनं धरली. कंपनीतल्या जयवंताबाईच्या घरी एक खोली रिकामी होती, तिकडं तिघी निघाल्या.

गल्लीतल्या बाया दारादारांत उभ्या होत्या. काहींच्या कडेवर मुली होत्या. एकीनंही पुढं येऊन पेटीला हात लावला नाही. आत गेल्यावर त्यांच्यापैकी कितीजणी आपल्या लेकीच्या तोंडाकडं नीट पाहू शकल्या असतील?